फेब्रुवारी १९२२ला पडलेलं भगदाड

१

गुरुवारी सकाळी हॉलमधून रिद्धीची किंकाळी आली तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. आधी वाटलं, झुरळ असेल. आमच्या अल मजाजच्या बिल्डिंगमध्ये झुरळं भाडं न भरता राहतात, आणि एखादं दिसलं की माझी लेक अशीच ओरडते. मी उलथनं घेऊनच धावले.

झुरळ नव्हतं. फेब्रुवारी १९२२ला भगदाड पडलं होतं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर म्हणाल, ह्या बाईला शारजाचं ऊन लागलं. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे जगन्नाथराव, बावीस फेब्रुवारी १९२२चे. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. त्यासाठी माझ्या नवऱ्याने, उल्हासने, त्यांना आणि सासूबाईंना कऱ्हाडहून व्हिजिट व्हिसावर आणलं होतं आणि चाळीस माणसांना घरी जेवायला बोलावलं होतं. चाळीस माणसं, एक हॉल, आणि स्वयंपाकाला मी. असो.

तर रिद्धीने आजोबांसाठी थर्माकोलचा एक भला थोरला बोर्ड केला होता. आजोबा जन्मले त्या महिन्यात जगात काय काय घडलं आणि कोण कोण जन्माला आलं, ते सगळं रंगीत कागदाच्या चौकोनांवर लिहून त्यावर चिकटवलं होतं. चार तारखेला गदगला भीमसेन जोशी जन्मले. त्याच दिवशी तिकडे उत्तरेत चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणं पेटवलं. सहा तारखेला रोममध्ये नवे पोप निवडले गेले. अठ्ठावीसला इंग्रजांनी इजिप्तला स्वतंत्र म्हणून जाहीर केलं. असे आणखी बरेच. तेरा वर्षांच्या पोरीने तीन आठवडे इंटरनेट लावून ही माहिती काढली, आणि तीन आठवडे आमचा फोन एंगेज लागत होता. दुबईच्या देऱ्यातले फरसाणवाले उल्हासला मसाल्याची ऑर्डर द्यायला फोन करायचे आणि कंटाळून दुसऱ्याकडे जायचे.

आणि ह्या सगळ्या चौकोनांच्या मधोमध, सूर्यासारखा, अण्णांचा कॉलेजातला फोटो. ओरिजिनल. त्यांच्या तरुणपणचा तेवढा एकच.

तोच फोटो गेला होता. त्याच्यासकट बोर्डाचा एक तुकडा कोणीतरी कापून नेला होता आणि भोकातून आमच्या सोफ्याचं कव्हर दिसत होतं.

"कापलंय," उल्हास टूथब्रश तोंडात धरून म्हणाला. "सुरीने."

सगळे किचनमध्ये गेलो. सिंकमध्ये माझी ब्रेडची सुरी पडली होती. तिच्या दात्यांत थर्माकोलचे पांढरे दाणे अडकले होते.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्याला कारण होतं. तीन आठवडे मी त्या घरात थर्माकोलचे दाणे वेचत होते. आमटीत दाणे, गादीवर दाणे, अण्णांच्या कानात दाणे. मंगळवारी माझं डोकं सटकलं आणि मी सगळ्यांच्या समोर म्हटलं होतं, "एक दिवस हा बोर्ड उचलून खालिद लगूनच्या पाण्यात फेकून देईन, खलास!"

"अगं, ते बोलायचं म्हणून बोलले मी!" मी म्हटलं.

रिद्धीचे डोळे भरून आले होते. "यू सेड यू विल थ्रो इट, मम्मी. अँड यू डिड," एवढं म्हणाली आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

अण्णा खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "माझाच फोटो कापलाय. कळलं मला काय कळायचं ते. उल्हास, परतीचं तिकीट काढ."

२

अण्णांच्या तिकिटाची मला चिंता नव्हती. गेल्या पंधरवड्यात त्यांनी दोनदा तिकीट काढायला सांगितलं होतं. एकदा चहात आलं नव्हतं म्हणून आणि एकदा सहा दिरहमची मेथीची जुडी ऐकून: "ऐंशी रुपये! मेथीला! कऱ्हाडात एवढ्यात शेत येईल."

मला कापत गेलं ते रिद्धीचं गप्प बसणं. ती माझ्याशी भांडते, वेडावून दाखवते, दारं आपटते. ते सगळं मी सहन करते, कारण मीही तिच्या वयात तशीच होते. पण गप्प बसत नाही. त्या दिवशी मी तिच्या दाराशी पोहे घेऊन उभी राहिले तर आतून आवाज नाही. पुन्हा गेले, आवाज नाही. शेवटी दार उघडलं. चेहऱ्यावर राग असता तर चाललं असतं. पण तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शेजारची कोणीतरी बाई आहे. मला रडूच आलं. उद्यापर्यंत खरा चोर सापडला नाही तर ही पोर आयुष्यभर मनात धरून बसेल की माझ्या आईने माझा बोर्ड कापला.

म्हणून मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

तिथे खैरुन्निसाआपा राहतात. मूळच्या दापोलीच्या. इथल्या शाळेत तीस वर्षं शिकवून रिटायर झाल्या. परीक्षेला सुपरव्हिजन करताना त्या वर्गात नुसत्या उभ्या राहायच्या आणि पोरं आपणहून मोज्यातल्या चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवायची, असं म्हणतात. बिल्डिंगमध्ये कोणाचा गॅस सिलिंडर, कोणाचा जावई, कोणाचा पोपट, काहीही हरवलं की लोक आपांकडे जातात.

"आपा, मला वाचवा," मी म्हटलं.

"आधी ते उलथनं खाली ठेव," आपा म्हणाल्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ओढणी सारखी केली आणि आमच्याकडे आल्या. बोर्डासमोर बसल्या. भोकाकडे बघितलं, मग खाली फरशीकडे बघितलं, मग सोफ्याखाली हात घातला.

"दाणे कुठायत?" त्यांनी विचारलं.

"कसले दाणे?"

"अगं, थर्माकोल कापलं की दाणे पडतात. तूच सांगतेस आमटीत सापडतात. इथे एकही नाही. चोराने कापलं आणि मग झाडून घेतलं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ह्या घरात न सांगता केर कोण काढतं?"

मी प्रामाणिकपणे उत्तर दिलं. "मी."

"मग कठीण आहे गं तुझं," आपा म्हणाल्या.

३

पहिला संशयित संध्याकाळी आपल्या पायांनी चालत आला. रुपेश, अण्णांचा पुतण्या. देऱ्यात त्याचं ट्रेडिंगचं ऑफिस आहे. कशाचं ट्रेडिंग ते अजून कोणाला कळलेलं नाही. हातात प्लास्टिकने झाकलेली एक पाटी घेऊन आला आणि बोर्ड बघताच म्हणाला, "अरे वा, जागा करून ठेवलीत?"

पाटीवर सोनेरी अक्षरांत होतं: फेब्रुवारी १९२२ ते फेब्रुवारी २००२, अण्णाकाकांना रुपेश जनरल ट्रेडिंगतर्फे शुभेच्छा. खाली दोन मोबाइल नंबर.

मला वाटलं, सापडला! कारण रविवारीच ह्याने रिद्धीला म्हटलं होतं, माझी ॲड लाव, आणि तिने "नो वे, रुपेशकाका" म्हणून तोंडावर नकार दिला होता. मी आपांकडे विजयी मुद्रेने बघितलं. आपांनी शांतपणे पाटी उचलली आणि भगदाडावर धरली. पाटी चांगली दुप्पट मोठी होती. पोप, इजिप्त आणि भीमसेन जोशी तिच्याखाली झाकले गेले.

"हा कापायला बसता तर अर्धा महिना कापून नेता," आपा म्हणाल्या. "बस बेटा, चहा घे. तू निर्दोष आहेस."

"कशातनं?" रुपेशने विचारलं. त्याला कोणी सांगितलं नाही.

मग अण्णांची साक्ष झाली. अण्णा म्हणाले, "हे बघा मॅडम, माझं कोणाशी वैर नाही. माझी एकच तक्रार होती की भीमसेनांचा चौकोन पोपपेक्षा लहान का. ती मी रिद्धीला बोललो. पण फोटो? तो माझा एकमेव फोटो हो, ज्यात मला केस आहेत."

"तुमचं लग्न कधी झालं अण्णा?" आपांनी उगाचच विचारलं.

"चव्वेचाळीस साली. मी बावीसचा आणि ही अठराची. तेव्हापासून सांभाळतोय. चार वर्षांनी लहान ना, हिला व्यवहारातलं फारसं कळत नाही. म्हटलं, आपणच समजून घ्यावं."

सासूबाई तिथेच फुलवाती वळत बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. एरवी अण्णा असं म्हणाले की त्यांच्याकडून एक तरी ठेवणीतला टोमणा येतो.

"काकी," आपा त्यांच्याकडे वळल्या, "तुमचं काय म्हणणं?"

"मी काय म्हणणार? पोरीनं एवढी मेहनत केली, वाईट झालं. पण मी म्हणते, एखादा चौकोन नसला म्हणून काय अडतंय? तेवढं सोडून बाकीचं वाचावं तिनं. फोटो काय, सापडेल. घरातल्या घरात कुठं जातोय?"

"बरं, ते जाऊ दे. उद्या तुमची बारशाची गोष्ट आहे ना? आत्ताच सांगा थोडी. मला उद्या स्वयंपाकघरात आपल्या ह्या स्मिताला हातभार लावायचाय, ऐकायला मिळणार नाही."

इथे ती गोष्ट सांगायला हवी. आमच्या सासूबाईंची ती एकच गोष्ट आहे आणि गेली वीस वर्षं मी ती हळदीकुंकवात, डोहाळजेवणात, दातांच्या डॉक्टरकडे, अगदी इथल्या एअरपोर्टवर इमिग्रेशनच्या अरबी पोलिसासमोरसुद्धा ऐकली आहे. त्यांचे वडील कॉलेज सोडून गांधींच्या चळवळीत गेले. खादी घालून गावोगाव फिरत होते. गांधींनी अचानक चळवळ थांबवली, आणि ते तसेच चालत कऱ्हाडला घरी आले. नेमकं त्याच दिवशी सासूबाईंचं बारसं. वडिलांची दाढी छातीपर्यंत वाढलेली, कपडे फाटलेले. बायकांना वाटलं गोसावी आला, म्हणून त्यांच्या झोळीत पसाभर तांदूळ घालून त्यांना दारातूनच पुढच्या घरी पाठवलं. स्वतःच्या मुलीच्या बारशाला बाप तांदूळ घेऊन शेजाऱ्याच्या ओट्यावर बसला! मग आत्यानं आवाज ओळखला. ह्या ठिकाणी सासूबाई न चुकता हसून हसून खोकतात. उल्हासने बुधवारीच प्रोग्रॅम ठरवला होता: आधी रिद्धी आपला महिना वाचून दाखवेल, लगेच आईची बारशाची गोष्ट, मग पानं. बुधवारी संध्याकाळी रिद्धीने सगळ्यांसमोर वाचनाची रिहर्सलही केली होती.

तर आपांनी गोष्ट सांगा म्हटलं आणि सासूबाईंनी वात वळता वळता मान खाली घातली.

"ती होय? आता काही आठवत नाही बाई. वय झालं."

मी हातातला कप खाली ठेवला आणि आपांकडे बघितलं.

४

शुक्रवारी सकाळी आंघोळ करून मी देवापुढे दिवा लावायला गेले. आमचे देव किचनच्या वरच्या कपाटात आहेत. फुलं बदलायला म्हणून गणपतीची फ्रेम जरा पुढे ओढली, तर मागे काहीतरी होतं.

अण्णांचा फोटो. केसांसकट.

मी तो हातात घेतला. एक ओरखडा नव्हता. पाठीमागचा थर्माकोल नखाने खरवडून काढला होता, डिंकाचे डाग ओल्या फडक्याने पुसले होते, वर एका कोपऱ्याला हळद-कुंकवाचं बोट लागलेलं होतं. मला इतका आनंद झाला की मी तशीच वळले.

मागे अण्णा उभे होते. त्यांच्यामागे ब्रश घेऊन उल्हास. उल्हासच्या मागे रिद्धी.

"म्हणजे तूच," अण्णा म्हणाले.

"अहो अण्णा, मला आत्ता सापडला! गणपतीच्या मागे!"

"स्मिता," उल्हास म्हणाला, "यार, सांगायचं ना सरळ. कोणी काही बोललं नसतं."

ज्या माणसाबरोबर मी वीस वर्षं संसार केला तो माणूस! मी त्याला जे उत्तर दिलं ते देवासमोर द्यायला नको होतं. रिद्धीने फोटो माझ्या हातातून घेतला आणि ती खोलीत गेली.

मी गॅस बंद केला, बासुंदीवर झाकण टाकलं आणि समोरच्या फ्लॅटमध्ये जाऊन आपांच्या सोफ्यावर बसून भडाभडा रडले. आपांनी मला रडू दिलं, मग खजुराची बशी पुढे केली.

"फोटो कसा होता? नीट सांग."

मी सांगितलं. खरवडलेला, पुसलेला, कुंकू लागलेला.

"मग चोराला फोटो नकोच होता," आपा म्हणाल्या. "थर्माकोल कापताना सरळ कुठे कापलं जातं? बाजूचा तुकडाही निघून आला. चोर घाबरला, फोटो जपून ठेवला. जे हवं होतं ते फोटोच्या शेजारी होतं. आपण सगळे सूर्याकडे बघत बसलो. शेजारी काय होतं गं?"

मला आठवेना. तीन आठवडे मी त्या बोर्डाला शिव्या घालत होते, पण एकदाही तो वाचला नव्हता. ते मान्य करताना मला फार लाज वाटली.

"मला माहीत आहे," आपा म्हणाल्या. "काल मी रिद्धीला विचारलं. ती म्हणाली, जस्ट वन गांधी थिंग. मग मी तिच्याकडून ओळ न ओळ काढून घेतली. बारा फेब्रुवारी. चौरीचौऱ्याला जे झालं त्यामुळे गांधींनी चळवळ थांबवली."

मी खजूर तोंडाकडे नेत होते. तो तिथेच राहिला.

"आपा," मी म्हटलं, "गांधींनी चळवळ थांबवली."

"हां."

"आणि वडील चालत घरी आले."

"हां."

"आणि त्या दिवशी बारसं होतं. बारसं बाराव्या दिवशी करतात. म्हणजे सासूबाई..."

"इतिहासात किती मार्क होते तुला?"

"पस्तीस."

"तरी आलीस बघ जागेवर," आपा म्हणाल्या.

५

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. वडिलांना बातमी कळून घरी यायला दोन-चार दिवस लागले असं धरलं तरी सासूबाईंचा जन्म फेब्रुवारी १९२२च्या पहिल्या आठवड्यातला. पासपोर्टवर १९२६ आहे. अण्णांपेक्षा चार वर्षांनी लहान म्हणून अठ्ठावन्न वर्षं मिरवलेली ही बाई अण्णांपेक्षा मोठी होती. किती? दोन-अडीच आठवड्यांनी!

"एवढ्याशा दिवसांसाठी!" मी किंचाळले.

"दिवसांसाठी कुठे? चव्वेचाळीस साली बावीस वर्षांची मुलगी म्हणजे घोडनवरी. घरच्यांनी अठरा सांगितलं असेल. एकदा सांगितलं की झालं, मग तेच पासपोर्टवर. आणि नवऱ्यापेक्षा बायको मोठी! ते तर माझ्या नानीनेही मरेपर्यंत लपवलं." आपा हसल्या. "इतकी वर्षं गोष्टीला तारीख नव्हती. गांधींनी चळवळ कधी थांबवली हे हळदीकुंकवात कोण विचारतं? बुधवारी रिद्धीने रिहर्सलमध्ये तारीख वाचली, आणि तिच्या पाठोपाठ काकींनी गोष्ट सांगायची, चाळीस माणसांसमोर. काकी रात्रभर झोपल्या नसतील."

आता मला सगळं दिसायला लागलं. सुरी माझी, कारण किचनमध्ये तीच हाताला लागते. दाणे झाडलेले, कारण माझ्याशिवाय त्या घरात न सांगता केर काढणारं माणूस एकच आहे. नवऱ्याच्या फोटोला कुंकू लावून देवामागे ठेवणारंही एकच.

मी उठले. आता बघतेच! वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या सासूबाई माझ्या तावडीत सापडल्या होत्या. भाकरी जाड थापते म्हणून, मुलीला मराठी येत नाही म्हणून, दूधवाल्याशी हिंदीत बोलते म्हणून ऐकलेलं सगळं मला एका दमात आठवलं. मी आमचं दार उघडलं.

हॉलमध्ये सोफे बाल्कनीत नेऊन ठेवले होते. सासूबाई सतरंजीवर एकट्या बसून हार करत होत्या. मला बघून त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या आपांकडे, आणि त्यांना कळलं की आम्हाला कळलंय. हातातली सुई थांबली. एवढी खमकी बाई, पण एकदम लहान दिसायला लागली. डोळ्यांनीच माझ्यापुढे हात जोडले.

तेवढ्यात रिद्धी खोलीतून बाहेर आली. अण्णाही आले. रिद्धी दीड दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"मम्मी, जस्ट से इट. से यू डिड इट अँड से सॉरी. दॅट्स ऑल आय वाँट."

मी सासूबाईंकडे बघितलं. मग माझ्या पोरीकडे बघितलं. अस्सा राग आला मला, सगळ्यांचाच.

"हो," मी म्हटलं. "मीच कापलं. सॉरी, बेटा."

रिद्धीने मान हलवली आणि खोलीत परत गेली. मला वाटलं होतं ती निदान भांडेल.

६

संध्याकाळी चाळीसच्या जागी बावन्न माणसं आली. इथे हे असंच असतं. प्रत्येक जण आपला मुंबईहून आलेला मेव्हणा घेऊन येतो. बासुंदी पुरेल का, ह्या चिंतेत मी किचनच्या दारात उभी होते.

रिद्धी बोर्डाजवळ उभी राहिली. फोटो पुन्हा लावला होता, पण शेजारचं भोक तसंच होतं; नवा चौकोन करायला तिने साफ नकार दिला होता. ती मोडक्यातोडक्या मराठीत वाचत गेली. भीमसेन जोशींना टाळ्या पडल्या. चौरीचौरा झालं, पोप झाले. मग भगदाडाशी येऊन ती थांबली.

"इथे अजून एक होता," ती म्हणाली. "पण माझ्या आईने..."

बावन्न माणसं माझ्याकडे वळली. मी पदराने कपाळ पुसलं. फरशी दुभंगून थेट खालच्या ग्रोसरीत पडावं असं मला वाटलं.

"तिनं नाही."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. अंगावर ऐंशीव्या वाढदिवसासाठी घेतलेली मोरपंखी साडी, आणि आवाज असा की मागचा मेव्हणासुद्धा गप्प झाला.

"स्मितानं कापलं नाही. मी कापलं. ती उगाच माझ्यासाठी खोटं बोलली, आणि माझ्यामुळं पोर आईशी बोलेना झाली. दुपारपासून बघत्येय मी, माझ्या घशाखाली घास उतरला नाही." त्या बोर्डाकडे वळल्या. "रिद्धी, तिथं काय होतं ते वाच. तुला पाठ असेल."

रिद्धीने वाचलं. बारा फेब्रुवारी, गांधीजींनी चळवळ थांबवली.

"आता माझी गोष्ट ऐका," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी ती सांगितली. दाढी, झोळी, पसाभर तांदूळ, शेजाऱ्याचा ओटा. सगळी. पण ह्या खेपेला हसून खोकल्या नाहीत. "आणि ते त्याच वेळचं. चळवळ थांबली आणि माझं बारसं झालं. माझ्या भावानं लग्नात वय कमी सांगितलं. मी गप्प बसले. अजून बसले असते."

रुपेश मोबाइलवर आकडे दाबत होता. "अरे बापरे," तो मोठ्याने म्हणाला, "म्हणजे काकू, तुम्ही अण्णाकाकांपेक्षा मोठ्या!"

त्याला आपांनी चिमटा काढला, पण उशीर झाला होता. सगळे अण्णांकडे बघू लागले.

अण्णा हार घातलेल्या खुर्चीत बसले होते. त्यांचं तोंड उघडं होतं.

"अठ्ठावन्न वर्षं," ते शेवटी म्हणाले. "अठ्ठावन्न वर्षं मी हिला म्हणत आलोय, तू लहान आहेस, तुला काय कळतंय."

"म्हणून तर सांगत नव्हते," सासूबाई म्हणाल्या. "तुमचं घरात तेवढं एकच चालत होतं."

आधी आपा हसल्या. मग सगळा हॉल हसला. पण मी अण्णांकडे बघत होते. ते हसले नाहीत. खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून उठले, गळ्यातला हार काढला, आणि वाढदिवसाला पाया पडायला थांबलेल्या माणसांची रांग तशीच सोडून सासूबाईंपर्यंत चालत आले. तो हार त्यांच्या गळ्यात घातला. आणि वाकायला लागले.

"अहो, काय करताय! लोक बघतायत!" सासूबाई मागे सरकल्या. "उल्हास, धर ह्यांना! गुडघा जाईल!"

"थोरल्यांना आधी नमस्कार," अण्णा वाकल्या वाकल्या म्हणाले. "आणि तुझे ऐंशी होऊन गेले, गं. कोणी गोडाचं केलं नाही. मला कळलंच नाही."

सासूबाई रडल्या. त्यांना रडताना मी वीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं. कोणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची आणली. दोन खुर्च्या शेजारी शेजारी लागल्या, आणि कोणाला आधी ओवाळायचं ह्यावरून अण्णा आणि त्या भांडायला लागले, म्हणजे सगळं ठीक झालं.

मी किचनमध्ये गेले. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं आणि बासुंदी बावन्न वाट्यांत बसवायची होती. मी वाट्या मांडत होते तेवढ्यात मागे पावलं वाजली. रिद्धी येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. तिने एक वाटी उचलली, पुसली, माझ्यापुढे ठेवली. मग दुसरी.

"यू आर अ टेरिबल लायर, मम्मी," ती म्हणाली. "आय शुड हॅव नोन."

"हं," मी म्हटलं. आणखी काही बोलले असते तर डोळ्यांतलं पाणी बासुंदीत पडलं असतं.

ती जवळ आली. माझ्या दंडाला गाल घासला आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "मम्मी, व्हेन वर यू बॉर्न? द रिअल वन. नॉट द पासपोर्ट."

मी दाराकडे बघितलं. उल्हास बाहेर आरती धरून उभा होता. मी वाकून तिच्या कानात खरं साल सांगितलं.

"व्हॉट!" रिद्धी ओरडली. "डझ बाबा नो?"

"हळू बोल," मी म्हटलं, "आणि ह्या वाट्या बाहेर ने."